एमएससाठी (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्याच्या नसांचा आजार) खास डॉक्टर गोव्यात आहे काय? की मुंबईच गाठायची?

डिचोलीचो_भाऊ: नमस्कार मंडळी. बहीण ३१ वर्षांची. गेल्या दिवाळीच्या सुमारास डावा डोळा धूसर झाला, बुबुळ हलवलं की दुखायचं, लाल रंग फिका दिसायचा. थेंब दिले, तीन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून आम्ही पण विसरलो. आता पंधरा दिवस कमरेखाली मुंग्या, पाय जड, कदंब बसच्या पायऱ्या चढताना अडखळते. एका डॉक्टरने बी-१२ ची इंजेक्शनं दिली, शेवटी एमआरआय केला तर रिपोर्टात डिमायलिनेशन (नसांवरचं आवरण खराब होणं) आणि तोंडी फक्त "एमएस असू शकतं". आईने तेव्हापासून नीट जेवण घेतलं नाही. एमएसच बघणारा डॉक्टर कोण, हे कसं शोधायचं?

फोंडा_माटोळी: दादा, मला ९ वर्षं झाली एमएसला, त्यामुळे सांगते. आपल्याकडे एमएसची अशी वेगळी डिग्री नसते. डीएम न्यूरोलॉजी केलेले असतात, त्यातले काही पुढे न्यूरोइम्युनॉलॉजीत (प्रतिकारशक्तीमुळे होणारे मेंदू-नसांचे आजार) फेलोशिप करतात, ते शोधायचे. पण ते शोधण्यात आठवडे घालवू नका, आधी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) न्यूरोलॉजी ओपीडीत दाखवा. पाय जड आहेत म्हणजे एमएसचा अटॅक चालू असू शकतो, गरज वाटली तर ते तीन ते पाच दिवस स्टिरॉइडची सलाइन लावतात. त्याने अटॅक लवकर ओसरतो, पुढचा मात्र थांबत नाही, त्याला वेगळी औषधं.

आणि डॉक्टरला एमएस किती कळतं ते ओळखायची माझी एक खूण आहे. औषध लिहायच्या आधी तो एक्यूपी-४ आणि मॉग अँटीबॉडीच्या रक्ततपासणीचा विषय काढतो की नाही बघा. एनएमओ नावाचा आजार अगदी असाच दिसतो, डोळा आणि मणका दोन्ही धरतो, आणि एमएसची काही औषधं, म्हणजे इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, त्यात उलट त्रास वाढवतात. मला पहिल्या ठिकाणी हे कुणी विचारलंच नव्हतं.

काणकोण_एक्सप्रेस: सगळे मुंबई मुंबई करतात, पण मडगावहून मंगळुरू जवळ पडतं ना. तिथे देरळकट्टेला निट्टे युनिव्हर्सिटीचं के. एस. हेगडे हॉस्पिटल, एमएस आणि एनएमओवर बरीच वर्षं खास काम चाललंय. मेव्हणीला आम्ही तिथेच नेलं, आता वर्षातून एकदा जातो, बाकी सगळं इथल्याच न्यूरोलॉजिस्टकडे. ट्रेनने पाच-सहा तास, वंदे भारतने त्याहून कमी. बंगळुरूला निम्हान्स (मेंदू-मनाच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल) पण आहे, पण तिथल्या रांगेची तयारी ठेवून जा.

सत्तरीचो_वैद्य: रोज सकाळी कच्ची हळद आणि गोमूत्र द्या, आमच्या गावात एकाचा असाच पाय बरा झाला

फोंडा_माटोळी: @सत्तरीचो_वैद्य अहो पाय आपोआपच बरा होतो हो, पहिल्या पहिल्या अटॅकनंतर. तिच्या डोळ्याचं काय झालं? तेच. म्हणून तर माणूस औषध टाळत राहतो आणि आत मेंदूत डाग वाढत जातात.

दादा, खर्चाचं म्हणाल तर घाबरू नका, पुढचे अटॅक रोखायचं औषध रिटुक्सिमॅब भारतात बनतं, बाहेरच्या औषधांपेक्षा बरंच स्वस्त, पुष्कळ डॉक्टर तेच देतात. दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारचा आरोग्य विमा) काय बसतं ते गोमेकॉतच विचारा. एमएस २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, सर्टिफिकेटचं नंतर बघता येईल. एमएस सोसायटी ऑफ इंडियाला फोन करा, तुमच्या बाजूला कोण डॉक्टर ते पेशंट लोकांकडूनच नीट कळतं. आणि मे महिन्यात तिला उन्हात फिरवू नका, अंग तापलं की जुनी लक्षणं परत येतात, आम्ही दर वेळी नवा अटॅक समजून पळायचो, पंख्याखाली तासभर बसलं की उतरायचं.

काणकोण_एक्सप्रेस: एमआरआयची सीडी घेऊन जा हं, नुसता रिपोर्ट नको. ते लोक फिल्म स्वतः बघतात, मणक्याचा नसेल झाला तर तो पण करायला सांगतील.

डिचोलीचो_भाऊ: मणक्याचा नाही केलेला, फक्त डोक्याचा. सीडी सेंटरवरच राहिलीय, उद्या सकाळी म्हापशाला जाऊन घेतो आणि तसाच तिला घेऊन बांबोळीला. ताई, ओपीडीला केस पेपर किती वाजल्यापासून काढतात?