खाणकाम, फिरती, घर आणि ऑपेरा : यांचा मेळ कसा घालावा?

रंकाळाकाठ (कोल्हापूर) :

नमस्कार. मी खाण अभियंता असून सध्या राधानगरी तालुक्यातील बॉक्साइटच्या उघड्या खाणीत काम करते. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधील सिलिका धुऊन नेल्यामुळे आमच्या सड्यांवर जांभा आणि बॉक्साइट यांचे थर तयार झाले. हे काम उथळ असल्याने मी आजवर कधी जमिनीखाली उतरलेले नाही. आता रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे, सोन्याच्या भूमिगत खाणीत रुजू होण्याची संधी आली आहे. प्रथम वर्गाचे अनिर्बंध (म्हणजे केवळ उघड्या खाणींपुरते मर्यादित नसलेले) व्यवस्थापक प्रमाणपत्र मिळवायचे असेल तर भूमिगत कामाचा अनुभव लागतो, म्हणून मला जायचे आहे. पुढे परदेशातील खाणीही पाहायच्या आहेत. आईबाबांना मात्र काळजी वाटते, आणि ती केवळ सुरक्षिततेची नाही. एकदा फिरती सुरू झाली की घर सुटते, असे बाबांचे मत आहे.

दुसरी गोष्ट संगीताची. आजीमुळे मी नाट्यसंगीतावर वाढले, आणि वसतिगृहात असताना इटालियन संगीतकार पुच्चीनीचे ऑपेरा (पाश्चात्त्य संगीतनाटके) ऐकून त्यांची ओढ लागली. घरात हे कोणी ऐकत नाही. ज्यांनी असे आयुष्य प्रत्यक्ष काढले आहे, त्यांना विचारावेसे वाटते की या कामात माणसाला घर आणि संगीत दोन्ही मनापासून जपता येतात का?

जांभा (निवृत्त खाण व्यवस्थापक) :

आपण अवश्य जावे, असे मी प्रथमच सांगतो. भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करण्यास १९५२ च्या खाण कायद्याने असलेली मनाई केंद्र सरकारने २०१९ मध्ये शिथिल केली. तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेत, लेखी संमतीने आणि किमान तिघींच्या गटात खाली उतरण्याची मुभा त्यांना तेव्हा मिळाली. माझ्याबरोबर शिकलेल्या मुलींना ही दारे बंद होती, आणि त्यांतील काहींची बुद्धी आमच्यापेक्षा तल्लख होती, हे मी विसरलेलो नाही.

उघड्या खाणीत हवा, उजेड आणि पाण्याचा निचरा यांपैकी बरेचसे निसर्ग सांभाळतो. जमिनीखाली यांतील प्रत्येक गोष्ट अभियंत्याला आखून द्यावी लागते. कर्नाटकातील कोलारच्या चॅम्पियन रीफ या सोन्याच्या खाणीचे काम तीन किलोमीटरहून अधिक खोलीपर्यंत गेले होते. ती खाण २००१ मध्ये बंद झाली, पण तेथील उष्णता आणि खडकाचे अचानक होणारे स्फोट यांतून आपल्या देशातील कितीतरी अभियंते घडले. स्टोपमध्ये, म्हणजे खनिज काढून झालेल्या भूमिगत पोकळीत, पाऊल टाकण्यापूर्वी छत ठोकून त्याचा आवाज ऐकण्याची सवय आपल्यालाही लागेल. भरीव खडक खणखणीत वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो.

येथेच मला कानांबद्दल कळकळीने सांगायचे आहे. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही धोक्याची मर्यादा मानली जाते, आणि दाबाच्या हवेवर चालणारे ड्रिल ती सहज ओलांडते. अशा गोंगाटाने ऐकू येणे प्रथम कमी होते ते साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात. ऑपेराचा तयार गायक, विशेषतः पुरुष गायक, ध्वनिवर्धकाशिवाय संपूर्ण वाद्यवृंदावर मात करतो ती ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटलेल्या आवाजाच्या ताकदीमुळे, कारण त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर कमी असतो. गायकाचे तेज ज्या भागात असते, त्याच्या आसपासच खाण आपला कान बोथट करते. रुजू होतानाच श्रवणचाचणी करून तिचा आलेख स्वतःजवळ ठेवावा, आणि ड्रिलजवळ जाताना कानातले बोळे व वरून कान झाकणारे मफ अशी दोन्ही साधने वापरावीत. सहकारी हसले तरी त्यात खंड पडू देऊ नये.

पुच्चीनीपासून आपण सुरुवात केली आहे, तर त्याचा ‘ला फांचुल्ला देल वेस्त’ ऐकला आहे का? १० डिसेंबर १९१० रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात त्याचा पहिला प्रयोग झाला, तोस्कानिनी वाद्यवृंदाचे संचालक होते आणि विख्यात गायक कारूसो नायक होता. कथा कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधकाळातील आहे. दारूच्या गुत्त्यात जमलेल्या खाणकऱ्यांसमोर एक भटका गायक घरच्या म्हाताऱ्यांची आठवण काढणारे गाणे म्हणतो, ते ऐकून लार्किन्स नावाचा खाणकरी ढसाढसा रडतो, आणि बाकीचे जण खिशातले पैसे काढून त्याच्या परतीच्या भाड्याची सोय करतात. घर सोडून राहिलेल्या माणसांच्या वसाहतीचे इतके खरे चित्र मी दुसऱ्या कोणत्याही संगीतकृतीत पाहिलेले नाही. कामगार वसाहतीत पगाराच्या दिवशी गावी जाणाऱ्यासाठी वर्गणी काढताना मी ते प्रत्यक्ष अनुभवले आहे.

पुढे कामानिमित्त कोलोरॅडोला जाणे झाले, तेव्हा सेंट्रल सिटी या सोन्याच्या गावातील दगडी ऑपेरागृह मी मुद्दाम पाहिले. ते १८७८ मध्ये उभे राहिले आणि त्यासाठी झटणाऱ्यांमध्ये कॉर्नवॉल व वेल्समधून आलेले, गाण्याची परंपरा सोबत आणलेले खाणकरी होते. डगलस मूरच्या ‘द बॅलड ऑफ बेबी डो’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १९५६ मध्ये तेथेच झाला. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळल्यावर धुळीला मिळालेला खाणमालक हॉरेस टेबर आणि त्याची पत्नी यांची ती कथा आहे. तेव्हा आपली आवड या व्यवसायात परकी आहे, असे मुळीच समजू नये.

मंगळवारपेठकर :

मी खाण अभियंत्याची मुलगी आहे, म्हणून काकांच्या उत्तरात राहिलेली बाजू मांडते. बाबांची बदली होई तेव्हा सामान बांधणे, गॅसची जोडणी, नव्या शाळेतले प्रवेश हे सर्व आई करीत असे, कारण बाबांना आधीच रुजू व्हावे लागे. माझे शिक्षण मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन माध्यमांत विखुरले. ताई, नेमणूक स्वीकारण्यापूर्वी वेतनाइतकीच बारकाईने निवासाची, दवाखान्याची आणि सलग सुट्ट्यांची चौकशी करा. परदेशातील दुर्गम खाणींत काही आठवडे सलग काम आणि मग सलग सुटी अशी पद्धत असते. आमच्या अनुभवाने, पाळीवरून थकून आलेल्या माणसाच्या रोजच्या तासाभरापेक्षा ती पूर्ण सुटी घरच्यांना अधिक लाभते.

संगीताविषयीही एक सांगावेसे वाटते. बाबा सुरुवातीला दार लावून ऑपेरा ऐकत, त्यामुळे आम्हाला ते संगीत म्हणजे त्यांच्यापासून आणखी एक अंतर वाटे. एका पावसाळ्यात त्यांनी आम्हाला बसवून ‘रिगोलेत्तो’ या ऑपेराची कथा अंकाअंकाने सांगितली आणि मग ऐकवली. त्यानंतर फोनवर आमच्याकडे बोलायला विषय असे. आपल्या घरी ऑपेरा कोणी ऐकत नाही, असे आपण लिहिले आहे. पण आजवर त्यांना कोणी कथा सांगितली आहे का?

षड्जपंचम (ऑर्गनवादक) :

वरील सूचनेला माझा पूर्ण दुजोरा आहे. कोल्हापूरच्या श्रोत्याला ऑपेरा समजावणे अवघड नाही. १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हापासून, पात्राने भावनेच्या भरात गाऊ लागणे आपल्याला स्वाभाविक वाटते. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ध्वनिवर्धकाशिवाय गाणाऱ्या नटांसाठीच उभे राहिले होते. २०२४ च्या आगीत ते जळाले तेव्हा शहर का हळहळले, हे आपल्या आजींना सांगावे लागणार नाही.

फरक मात्र आधी स्पष्ट करावा. नाट्यपदात गायक पद फुलवतो आणि आम्ही साथीदार त्याच्या मागे जातो. ऑपेरात स्वर संगीतकाराने लिहून दिलेले असतात, संवादही बहुधा गायले जातात, आणि वाद्यवृंद पात्राने न बोललेले सांगत असतो. आईबाबांसाठी इटालियन संगीतकार वेर्दीचा १८५३ चा ‘ला त्राव्हियाता’ निवडावा आणि थेट दुसऱ्या अंकातील व्हायोलेता व जेरमाँ यांचा प्रसंग लावावा. मुलाच्या घराण्याची काळजी घेऊन आलेला बाप आणि त्याच्यासमोर हळूहळू नमणारी ती स्त्री, हा प्रसंग नाटकवेड्या माणसाला भाषा न कळताही धरून ठेवतो. शब्दांचा अर्थ आधी कागदावर लिहून द्यावा. शक्य असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने त्यांना मुंबईला न्यावे. तेथील एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचे प्रयोग पडद्यावर दाखवले जातात, आणि १९११ चे रॉयल ऑपेरा हाउसही २०१६ पासून पुन्हा सुरू आहे. हट्टीला रुजू होण्याआधी हा प्रवास झाला, तर उत्तम.