घरच्या स्विमिंग पूलचा महिन्याचा खर्च कसा आटोक्यात आणायचा? (बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर साइड)

जांबोटीरोडवाला
नमस्कार मंडळी. खानापूरच्या पुढं जांबोटी रोडला आमचं घर आहे, पोरांच्या हट्टापायी तिथं बारका पूल बांधून घेतला, 20 बाय 10 फूट, खोली 4 फूट, म्हणजे साधारण साडेबावीस हजार लिटर पाणी मावतंय. बांधताना गेलं ते गेलं, पण आता दर महिन्याला जे जायलंय ते बघून बायको म्हणते यात भातच लावा. पंप दीड एचपीचा, सिंगल फेज, कॉन्ट्रॅक्टर सांगून गेला दिवसाला 10 तास चालवा म्हणून, तसाच चालवतोय. आधी गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची 200 युनिटपर्यंत फुकट विजेची योजना) बिल शून्य यायचं, आता 200 युनिट कधीच ओलांडतात आणि मग नुसतं वरच्या युनिटचं नाही, सगळंच बिल अंगावर येतंय. क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडर टाकतो तर तळाला पांढरा थर बसतोय. पाणी बोअरचं. शिवाय रोज पाण्याची लेव्हल खाली जाते, ऊन खातंय का कुठं गळतंय काय कळेना. शेजारचे म्हणतात शेताच्या मोटरीची लाईन आहे की, तिच्यावरच जोडा. आणि पावसाळ्यात कोण पोहतंय, तेव्हा सगळा रिकामा करून ठेवावा असं डोक्यात आहे. इकडं कुणाकडं पूल असेल तर सांगा की ओ.

उद्यमबाग_वाइंडिंग
दादा, पहिलं ते शेताच्या लाईनचं डोक्यातनं काढा. 10 एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला आपल्याकडं वीज फुकट आहे ती शेतीसाठी, पूलला वापरली तर 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 126 लागतंय आणि आकारणी दुप्पट दरानं होते. वाचवलेलं सगळं एका झटक्यात जाईल.

आता पंपाचं. दीड एचपीचा पंप तासाला जवळपास दीड युनिट ओढतो. 10 तास म्हणजे दिवसाला 15, महिन्याला 450 युनिट. सहा रुपयांच्या आसपास धरलं तरी 2700 रुपये नुसते पंपाचे, फिक्स्ड चार्ज आणि टॅक्स वेगळा. आणि एवढं चालवायची गरजच नाही ओ. तुमच्या पंपाचा फ्लो तासाला 15 हजार लिटर जरी धरला तरी सगळं पाणी दीड तासात एकदा फिल्टरमधून फिरतंय. घरच्या पूलला दिवसातनं एकदा दोनदा फिरलं की बास. उन्हाळ्यात पोरं रोज उतरत असतील तर 4 तास, थंडीत 2 तास. एक टायमर बसवा म्हणजे बंद करायचं कुणाच्या लक्षात ठेवायला नको. एकदम 10 वरनं 4 वर आणू नका, दोन-दोन तास कमी करत या, पाण्याला धुरकट रंग आला की अर्धा तास वाढवा.

पुढं कधी मोटर जळली तर तीच परत भरून घेऊ नका. एकतर पाऊण एचपीचा पंप घ्या, नाहीतर थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह). स्पीड निम्मा केला की पाणी निम्मं येतंय पण वीज हिशोबानं आठवा हिस्सा लागते, म्हणजे दुप्पट वेळ चालवून पण तेवढंच पाणी चौथ्या हिश्श्यात फिरतंय. प्रत्यक्षात लॉस धरून तिसरा हिस्सा म्हणूया, तरी लई झालं. फक्त एक, तुमच्या आत्ताच्या कपॅसिटरवाल्या सिंगल फेज मोटरीला व्हीएफडी चालत नाही, कुणी गळ्यात मारालं तर घेऊ नका. घरात सिंगल फेजच असली तरी चालतंय, आत सिंगल फेज आणि बाहेर 230 व्होल्ट थ्री फेज देणारा व्हीएफडी मिळतो. स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरीच्या वायरी जोडायच्या दोन पद्धती; बारक्या मोटरी बहुतेक स्टारमध्ये 415 व्होल्टला जोडलेल्या असतात, टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी बाहेर काढलेल्या असल्या तर डेल्टा करून घ्यायच्या. मोटर घेतानाच झाकण उघडून सहा वायरी मोजा, तीनच असल्या तर दुसरी दाखवा म्हणायचं. आणि बॅकवॉश (फिल्टरची वाळू उलट्या पाण्यानं धुणं) मात्र फुल स्पीडला.

हिंदवाडी_वहिनी
आमच्याकडे जरा मोठा पूल आहे, केमिकलचं सगळं मीच बघते म्हणून सांगते. तो पांढरा थर ब्लीचिंग पावडरमधल्या चुन्याचा. तिच्यात क्लोरीन तीसेक टक्केच, बाकीचं तळाला नाहीतर फिल्टरच्या वाळूत जातं, शिवाय पीएच वर चढतो. आणि खरा पैसा तिथंच जातो. पीएच 7.5 ला क्लोरीनचा निम्मा भाग काम करतो, 8 ला गेला की पाव भागसुद्धा जेमतेम, मग माणूस पाणी हिरवं दिसतंय म्हणून अजून पावडर ओततो. त्यामुळे आधी एक टेस्ट किट घ्या, थेंब टाकून रंग बघायचं साधं चालतं. पीएच 7.2 ते 7.6 आणि क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम), एवढं सांभाळलं की केमिकलचा खर्च आपोआप खाली येतो. पीएच उतरवायला अ‍ॅसिड लागतं, ते पंप चालू असताना बादलीभर पाण्यात थोडं थोडं टाकून मग सोडायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधी ओतायचं नाही.

तुमच्या पाण्यात 1 पीपीएम वाढवायला 65 टक्के क्लोरीनचे दाणे (कॅल्शियम हायपोक्लोराइट) 35 ग्रॅम पुरतात, किंवा 12 टक्क्यांचं लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) 190 मिली. लिक्विड स्वस्त पडतं पण कॅन ठेवून ठेवून त्याचा जोर जातो, म्हणून महिन्याला लागेल तेवढंच आणायचं. टाकायचं सूर्य मावळल्यावर आणि वर तासभर पंप. भर दुपारी टाकलं तर दोन-तीन तासांत ऊनच सगळं खाऊन टाकतं. तेच वाचवायला सायन्युरिक अ‍ॅसिड असतं, 30 ते 50 पीपीएम ठेवायचं. टीसीसीए टॅब्लेट (हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या) वापरल्या तर ते त्यांच्यातूनच येतं, वेगळं विकत घेऊ नका, उलट जास्त झालं तर क्लोरीन मंद पडतं.

तुमच्याकडं लाल माती आहे, बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडल्या पडल्या पाणी चहासारखं होईल. घाबरून सगळं पाणी सोडून देऊ नका. रात्री थोडी तुरटी फिरवा, पंप बंद ठेवा, सकाळी गाळ बसलेला असतो तो व्हॅक्यूमनं फिल्टर बायपास करून बाहेर काढा.

सदाशिवनगर_बॅचलर
एवढ्या पैशात हॉटेलच्या पूलची मेंबरशिप आली असती भाऊ 😄

जांबोटीरोडवाला
@सदाशिवनगर_बॅचलर जांबोटीत कुठलं हॉटेल सांगताय, रोज 30 किलोमीटर पोरं घेऊन शहरात येऊ काय.
वहिनी, टेस्ट किट आजच मागवतो. लेव्हलचं कुणी सांगेल काय?

निपाणीचा_गडी
मी सांगतो. पूलच्या पायरीवर एक बादली ठेवायची, त्यात पूलचंच पाणी बाहेरच्या लेव्हलइतकं भरायचं, वजनाला आत एक दगड, आणि आतनं बाहेरनं मार्करची खूण. पंप बंद, 24 तास थांबायचं. दोन्हीकडं सारखंच खाली गेलं तर ऊन, बाहेरचं जास्त गेलं तर गळती. मग तसंच पंप चालू ठेवून परत एकदा. पंप चालू असतानाच जास्त जात असलं तर पाइपलाइनमध्ये बघायचं, फरशा उखडत बसायचं नाही. उन्हाळ्यात दिवसाला 5-6 मिलिमीटर जाणं नॉर्मल आहे, तुमच्या मापाला ते 100 लिटरच्या आसपास होतंय. त्याच्यावर जायलं तरच मिस्त्री बोलवा.

बॅकवॉशला पण लोक पाणी घालवतात, रविवार आला की बॅकवॉश. प्रेशर गेज कशाला दिलंय? वाळू स्वच्छ असताना जो काटा असतो त्याच्या 8-10 पीएसआय वर गेला तरच करायचं, आणि फिल्टरच्या काचेत पाणी निवळ दिसलं की बंद. एकावेळी 500 लिटर तरी जातंय ते. नारळाला सोडायचं असलं तर क्लोरीन उतरू दे आधी.

आता महत्त्वाचं. पावसाळ्यात पूल रिकामा करू नका!! तुमच्या भागात जुलैत जमीन भरलेली असते, खालनं पाण्याचा दाब येतो आणि रिकामा पूल होडीसारखा वर उचलला जातो, उचलला नाही तर तळाला तडा. भरलेलाच ठेवायचा. पाऊस पडून ओव्हरफ्लो होतंय ते फुकटचं पाणी बदलणं समजा, वहिनींनी सांगितलं ते सायन्युरिक पण त्यात पातळ होतं. पंप दिवसाला तास दीड तास आणि क्लोरीन 1 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर डास आणि शेवाळ. काही लोक क्लोरीन बंद करून गप्पी मासे सोडतात, चार महिने खर्च शून्य, पण ऑक्टोबरात ते परत पोहण्याजोगं करायला जे लागतंय ते बघून मला काय पटत नाही. विहिरीसारखंच वापरायचं असलं तर गोष्ट वेगळी.

जांबोटीरोडवाला
बरं झालं विचारलं, मी जूनमध्ये रिकामा करणारच होतो. वर झाकायला ताडपत्री चालते काय? भाताची पडून आहे. आणि अर्धं पोतं ब्लीचिंग शिल्लक आहे, टॅब्लेटबरोबर मिसळून संपवू का?

निपाणीचा_गडी
ताडपत्री मधे खाली बसते, वर पावसाचं पाणी साठतंय आणि बारकं पोर वर चढलं तर आत गुंडाळलं जातंय. पाण्यावर तरंगणारं निळं बबल कव्हर घ्या, मापानं कापून. ऊन अडतं, पाणी जात नाही, क्लोरीन टिकतं, थंडीत जरा कोमट पण राहतं. तेही पोहताना पूर्ण काढायचं, अर्धं गुंडाळून नाही.

हिंदवाडी_वहिनी
मिसळू नका हो भाऊजी!! टीसीसीए आणि ब्लीचिंग एकत्र आले, त्यात जरा ओल लागली की पेट घेतात, स्फोटसुद्धा होतो. एकाच डब्यात नाही, एकाच चमच्यानं नाही, आणि टॅब्लेटच्या फ्लोटरमध्ये तर नाहीच. अ‍ॅसिडचा कॅनपण तिसऱ्या जागी ठेवा, ब्लीचिंगवर सांडलं तर क्लोरीनचा गॅस सुटतो. ते अर्धं पोतं कोरड्या जागी तोंड बांधून ठेवा, पावसाळ्यात गटार आणि संडासाच्या आजूबाजूला टाकायला होईल.