मॉनिटर जोडला आणि स्पीकर गप्प

प्रश्न: विंडोज ११ आहे. एचडीएमआयने नवा मॉनिटर जोडल्यापासून स्पीकरमधून आवाज नाही. गाणं लावलं की आवाजाची हिरवी पट्टी हलते. ड्रायव्हर (आवाजाचं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकू का?

उत्तर १: ड्रायव्हरला इतक्यात हात लावू नका. पट्टी हलतेय म्हणजे आवाज तयार होतोय, फक्त मॉनिटरकडे जातोय. एचडीएमआय चित्रासोबत आवाजही नेते. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड उघडा आणि आउटपुटमध्ये स्पीकर निवडा.

उत्तर २: पिनही बघा. स्पीकरची ३.५ मिमी पिन संगणकाच्या मागच्या हिरव्या भोकात हवी; गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं. अर्धवट बसली तर बऱ्याचदा एकाच बाजूने आवाज येतो. खटकन बसेपर्यंत दाबा.

उत्तर ३: एकाच प्रोग्रॅमचा आवाज नसेल तर साउंडमधल्याच व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्याचं आउटपुट तपासा, तिथे अजून मॉनिटरच असेल.