प्रति: प्लगइन घरी चालतं, लॅबमध्ये लोड होत नाही

साताऱ्यात घरच्या मशीनवर बांधलेलं जीसीसीचं (सी/सी++ कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरचं) प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा जादा भाग, सांगलीच्या लॅबमध्ये 'आवृत्ती जुळत नाही' म्हणून अडतंय, पण दोन्हीकडे जीसीसीची आवृत्ती १३च आहे, असं प्रश्नात लिहिलंय. नुसतं १३ असून भागत नाही. प्लगइन-डीफॉल्ट-व्हर्जन-चेक हे फंक्शन आवृत्तीबरोबर जीसीसीच्या सोर्सची तारीख आणि तो बांधताना दिलेले कॉन्फिगरचे पर्यायही ताडून बघतं. ही तपासणी प्लगइनमधून काढून टाकायचा मोह होईल, पण कृपा करून काढू नका. जीसीसीच्या आतल्या स्ट्रक्चरची (डेटा साठवायच्या रचनांची) मांडणी बदललेली असली की कंपायलर मध्येच कोसळतो आणि मग कारण शोधता शोधता जीव जातो. लॅबमध्येच प्लगइन-डेव्ह पॅकेज (प्लगइन बांधायला लागणाऱ्या हेडर फाइल्स) टाका, .एसओ (प्लगइनची तयार फाइल) तिथेच नव्याने बांधा. बांधताना आरटीटीआय (प्रोग्रॅम चालताना टाइपची माहिती देणारी सी++ची सोय) बंद ठेवा, नाहीतर 'टाइपइन्फो' सिम्बॉल सापडत नाही. आणि एफप्लगइन या पर्यायाला (जीसीसीला प्लगइन लोड करायला सांगणाऱ्या) .एसओचा पूर्ण पाथ द्या.