बारशाला आलेलं कुक आयलंड्सचं अर्ध्या ग्रॅमचं सोन्याचं नाणं

सावनीची_आई:
लेकीच्या बारशाला मामेभावाने ऑकलंडहून सोन्याचं नाणं आणलंय. शर्टाच्या बटणाएवढं, गोल पारदर्शक डबीत बंद. राणी एलिझाबेथचा चेहरा, कुक आयलंड्सचं नाव, ५ डॉलर, वजन ०.५ ग्रॅम, शुद्धता ९९९.९. सराफ म्हणाले, "अर्धा ग्रॅम धरू." सासूबाईंना ते कडी लावून सावनीच्या गळ्यात घालायचंय. हे खरं चलन आहे का? सोन्यापलीकडे काही किंमत?

नाणेवेडा:
ताई, आधी कडीचं थांबवा! व्यास ११ मिमी, जाडी पाव मिलिमीटरच्या जरा वर, आणि सोनं २४ कॅरेट, म्हणजे मऊ. कडी जोडायला डाग देताना ज्योत लावली की राणीचा चेहरा गेलाच.

चलन खरंच आहे. तिथला डॉलर न्यूझीलंडच्या डॉलरशी एकास एक बांधलेला. पण आतलं सोनंच ५ डॉलरहून कितीतरी महाग, म्हणून तिथल्या मुख्य बेटावर, रारोटोंगाच्या बाजारात ते कुणी खर्चत नाही. पॅसिफिकमधल्या अशा छोट्या बेटदेशांकडे टांकसाळ नसते. नाव आणि कायदेशीर मान्यता त्यांची, नाणं पाडणार दुसरेच: तुवालूची नाणी ऑस्ट्रेलियातली पर्थ मिंट ही टांकसाळ पाडते, नीउएची कितीतरी ऑकलंडची न्यूझीलंड मिंट. त्या बदल्यात देशाला मानधन मिळतं. नीउएची वस्ती जेमतेम दीड हजार. अशा देशाला ही कमाई मोलाची आहे, मला त्यात काही गैर वाटत नाही.

किंमतीचं म्हणाल तर सराफ सोन्याचाच भाव देणार. वरचे पैसे संग्राहक देतो, तेही डबी आणि प्रमाणपत्र शाबूत असेल तर. माझं पलाऊ या दुसऱ्या बेटदेशाचं १ डॉलरचं, असंच अर्ध्या ग्रॅमचं नाणं मी हौसेने हातात घेतलं. अंगठ्याचा ठसा उठला, पुसताना चरा पडला. विकायला गेलो तेव्हा सोन्याच्या भावावर एक रुपया मिळाला नाही. अजून हळहळतो.

पुतळीमाळ:
सासूबाईंचंही बरोबर आहे हो. आपल्या पुतळ्या मुळात व्हेनिसचे डुकाट, म्हणजे तिथले सोन्याचे शिक्के, प्रत्येकी साडेतीन ग्रॅमचे. त्यांना कडी झेपायची. याला डबीसकट बसेल असं चांदीचं कोंदण करून घ्या. मात्र लेक मोठी झाल्यावर घाला, आत्ता ती तोंडात घालेल.

सावनीची_आई:
पुतळ्यांचं ऐकून सासूबाई कोंदणाला तयार झाल्या! प्रमाणपत्र भावाकडेच राहिलंय, आजच फोन करते.