प्रभागात चार नगरसेवक, चेंबर तुंबलं की जायचं कुणाकडे?

गल्लीकर (धागा सुरू करणारे)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर आहे. गेल्या महिन्यात ते अकरा दिवस वाहत होतं. झाकणाच्या कडेनं काळं पाणी वर यायचं, उतारानं शाळेच्या फाटकापर्यंत जायचं आणि पोरं विटांवर पाय ठेवत आत शिरायची. विटा आम्हीच टाकल्या होत्या. ऑनलाइन तक्रार केली, टोकन नंबर आला, तिसऱ्या दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’ असा मेसेजही आला. पाणी वाहतच होतं.

मग नगरसेवकांकडे गेलो. आमच्या प्रभागात चार आहेत. पहिले म्हणाले, तो भाग माझ्याकडे नाही, आमची आपसात वाटणी झाली आहे. दुसऱ्या ताईंचा फोन त्यांच्या यजमानांनी उचलला आणि ‘बघतो’ म्हणून ठेवला. तिसऱ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि ज्युनिअर इंजिनिअरचा नंबर दिला, जो आमच्याकडे आधीपासून होता. चौथे म्हणाले, अहो, ती गल्ली तर पहिल्यांचीच. अकराव्या दिवशी जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्यानं तुंबलेली लाइन साफ करणारी गाडी आली. ती कुणामुळे आली, हे मला आजही माहीत नाही. गाडी गेल्यावर मात्र गल्लीच्या ग्रुपवर ‘आमच्या पाठपुराव्याला यश’ असे दोघांचे फोटो पडले.

माझं मत स्पष्ट आहे. एक वॉर्ड, एक नगरसेवक. मुंबईत २२७ वॉर्ड आणि २२७ नगरसेवक आहेत, तिथल्या माणसाला आपला नगरसेवक एका नावात सांगता येतो. राज्यातल्या बाकी २८ महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग. जे मुंबईकराला मिळतं ते आम्हाला का नाही, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आणि हा चारचा आकडा काही अभ्यासातून आलेला नाही. मुंबईबाहेर २००२ ला तीनचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. २०१९ च्या अखेरीस महाविकास आघाडी सरकारनं तो एकाचा केला, २०२१ मध्ये त्याच सरकारनं तीनचा केला, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चार. ज्याला जो आकडा सोयीचा, त्यानं तो घेतला. हरकती-सूचना मागवतात त्या हद्दींवर. किती जणांचा प्रभाग हवा, हे मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आकारही बघा. पुण्यात १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग. २०११ च्या जनगणनेनं धरलं तरी एका प्रभागात सरासरी ८० हजारांच्या वर माणसं. पुढच्या वर्षांत आलेली वस्ती तर त्यात नाहीच. कुठल्याही पक्षाच्या पाठबळाशिवाय उभा राहणारा एखादा शिक्षक, एखादी अंगणवाडी ताई एवढ्या दारांपर्यंत पोचणार कशी?

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेच्या मतदानात माझ्यापुढं एक आजी होत्या. प्रभागातल्या चार जागांसाठी चार मतं द्यायची होती. ‘अ’ची पत्रिका पांढरी, ‘ब’ची गुलाबी, ‘क’ची पिवळी, ‘ड’ची निळी. आजींनी ओळखीच्या माणसाचं बटण दाबलं आणि निघाल्या. कर्मचारी बाई म्हणाल्या, आजी, अजून तीन राहिलीत. आजी परत वळल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, बाकीच्यांना मी ओळखत नाही गं. ‘यापैकी कोणीही नाही’चं बटण असतं हे त्यांना समजावून सांगितलं. तरी बाकीची तीन बटणं त्यांनी कशी दाबली ते मी पाहिलंय, एकाखाली एक, सरळ रेषेत. तीन माणसं त्या दिवशी अशी निवडली गेली. मला ते फार लागलं.

तुमची मतं लिहा. विरोधी असतील तर जास्त बरं.

दोन टर्म

मी माजी नगरसेविका. शहर सांगत नाही. २०१२ ला दोनच्या प्रभागातून आणि २०१७ ला चारच्या प्रभागातून निवडून आले. तुमच्या शाळेपुढच्या पाण्याचं वाचून वाईट वाटलं. यजमानांनी फोन उचलला हे वाचून तर संताप आला, तो त्यांच्यावर. माझा फोन दहा वर्षं मीच उचलला.

पण एकाचा वॉर्ड हे औषध नाही. तुम्ही आरक्षणाची सोडत विसरताय. एकाच्या वॉर्डात पाच वर्षं राबायचं, गल्लीबोळ पाठ करायचे, आणि पुढच्या खेपेला चिठ्ठी निघते की वॉर्ड दुसऱ्या प्रवर्गाला गेला. संपलं. तो माणूस शेजारच्या वॉर्डात उपरा ठरतो. आणि ज्याला तिसऱ्या वर्षीच वाटू लागतं की हा वॉर्ड आपला राहणार नाही, तो चौथ्या-पाचव्या वर्षी किती जीव लावून काम करेल? चारच्या प्रभागात आरक्षण फिरलं तरी बहुतेकांना त्याच प्रभागात एखादी जागा उरते. केलेल्या कामाचा हिशेब तिथल्याच मतदारापुढं द्यावा लागतो.

दुसरं बायकांचं. आपल्या राज्यात २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ३३ वरून ५० टक्क्यांवर गेलं. चारच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असतात, त्यामुळे प्रत्येक प्रभागात बाई असतेच. बचत गटातल्या बायका सार्वजनिक शौचालयाच्या दाराला कडी नाही हे पुरुष नगरसेवकाला सांगायला येत नाहीत हो. माझ्याकडे येत होत्या. एकाच्या पद्धतीत अर्ध्या वॉर्डांत त्यांनी कुणाला सांगायचं?

गल्लीकर

ताई, कडीचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मान्य. पण सोडतीचा दोष सोडतीचा आहे. आरक्षण दर निवडणुकीला न फिरवता दोन निवडणुका एका जागी ठेवलं तर? त्यासाठी ८० हजारांचा प्रभाग कशाला हवा?

निवृत्त जेई

मी तीस वर्षं महापालिकेत ड्रेनेज खात्यात काढली. दोन्ही बाजूंचं वाचलं. तुम्ही दोघंही नगरसेवकाच्या हातात नसलेली गोष्ट त्याच्या हातात आहे असं धरून भांडताय.

१९४९ चा महापालिका अधिनियम वाचा. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवक सभागृहात ठराव करतो, बजेट मंजूर करतो, प्रश्न विचारतो. चेंबर साफ करण्याचा हुकूम तो मला देऊ शकत नव्हता, फक्त फोन करू शकत होता. आमच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे जेटिंगची एकच गाडी होती आणि तीही आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीला. सकाळी चार नगरसेवकांचे चार फोन यायचे, चार वेगळ्या गल्ल्यांसाठी. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे गाडी जायची. एकाचा वॉर्ड असता तर तेवढ्याच भागातून तेवढेच चार फोन आले असते, कारण नगरसेवकांची संख्या तेवढीच राहते. गाडी एकच.

चारच्या प्रभागाचं खरं नुकसान मी वेगळं पाहिलं. एकाच रस्त्यासाठी एका नगरसेवकाच्या यादीतून पेव्हर ब्लॉक बसायचे, आणि सहा महिन्यांत दुसऱ्याच्या यादीतून त्याच रस्त्यात ड्रेनेज लाइन मंजूर व्हायची. ब्लॉक उखडायचे, लाइन टाकायची, ब्लॉक परत. लेव्हल बिघडायची आणि पावसाचं पाणी चेंबरमध्ये उतरायचं. तुमचं चेंबर अकरा दिवस का वाहिलं याचं मूळ बहुधा तिथं सापडेल. आधी रस्त्याच्या लेव्हल तपासून घ्या, असं एक अभियंता म्हणून सांगतो.

आणि एक. २०२२ ते २०२६ बहुतेक मोठ्या महापालिकांत प्रशासक होता, काही ठिकाणी तर २०२० पासून. घटनेत पाच वर्षांची मुदत लिहिलेली असताना एवढी वर्षं एकही नगरसेवक नव्हता. तेव्हा चेंबर तुंबायची थांबली होती का?

सईची आई

नव्हती थांबली. उलट तेव्हा कुणाला फोन करायचा हाच प्रश्न होता. क्षेत्रीय कार्यालयात साहेब मीटिंगला, शिपाई म्हणणार उद्या या. चार का असेनात, माणूस तरी आहे आता.

जुनी चाळ

मी चारच्या बाजूनं आहे आणि माझं कारण अजून कुणीच लिहिलेलं नाही.

आमची चाळ छोटी, १४० मतं. २००७ ला एकाचा वॉर्ड होता तेव्हा आम्ही हरलेल्या उमेदवाराचं काम केलं होतं, उघडपणे, झेंडा लावून. निवडून आलेल्याला ते माहीत होतं. पुढची पाच वर्षं आमच्या नळाला पाणी पहाटे तीनला, तेही करंगळीएवढं. अर्ज केले, मोर्चा नेला. तो माणूस तोंडावर म्हणाला, ज्याला मत दिलंत त्याच्याकडं मागा. माझी आई बादल्या भरायला पहाटे अडीचला उठायची, तिचे गुडघे त्या पाच वर्षांत गेले.

आता चार आहेत. दोघं आम्हाला दारात उभं करत नाहीत, तिसरा करतो. त्यानं पत्र दिलं आणि लाइन बदलून मिळाली. सोसायटीत राहणाऱ्याला ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न मोठा वाटतो, आम्हाला ‘दुसरं दार आहे का’ हा. एकच दार ठेवलंत आणि ते बंद झालं, तर आम्ही कुठं जायचं?

गावठाण

@जुनी चाळ, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच. पण आमच्या वस्तीत उलटं झालं. छोटा वॉर्ड होता तेव्हा वस्तीची मतं निकाल फिरवायची, उमेदवार घरटी यायचा. आता प्रभागात डोंगरापलीकडच्या सात-आठ मोठ्या सोसायट्या जोडल्या. चारही पॅनेलवाले तिथंच. आमच्या मतांवाचून त्यांचं अडत नाही. तुम्हाला चार दारं दिसतात, आम्हाला त्यांतलं एकही आमच्या बाजूला उघडत नाही.

दोनच बरे

२०१२ सारखे दोन ठेवा, एक महिला आणि एक कुणीही. दारं दोन आणि प्रभागही पायी फिरता येईल एवढा. ताईंचा आणि चाळीचा दोन्ही मुद्दे त्यात बसतात.

दोन टर्म

दोनचा प्रभाग मला स्वतःला आवडला होता, हे खरं सांगते. पण अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि महिला या सगळ्या जागा दोनमध्ये बसवताना सोडतीची तीच धरसोड थोड्या कमी प्रमाणात येते. @गल्लीकर, दोन निवडणुका आरक्षण न फिरवण्याची सूचना ऐकायला बरी आहे, पण ज्यांचा वॉर्ड दहा वर्षं राखीव झाला नाही, त्या समाजाच्या माणसाला ती सांगून बघा.

आणि जेई साहेब, अधिकार नसतात हे अर्धंच खरं. बजेट सभागृहात मंजूर होतं. जेटिंगची दुसरी गाडी घ्यायची की चौकात कारंजं करायचं, हे आम्ही ठरवत होतो. कितीदा कारंजं ठरलं, त्याची मला लाज वाटते.

निवृत्त जेई

हे तुम्ही लिहिलंत, ताई, त्याबद्दल आदर वाटतो. दुसऱ्या गाडीचा प्रस्ताव मी तीन वेळा वर पाठवला होता.

गल्लीकर

@जुनी चाळ, तुमची पोस्ट काल रात्री घरात मोठ्यानं वाचली. माझ्याकडे तिला उत्तर नाही. तुमच्या आईला दुसऱ्या दाराची गरज होती आणि माझ्या मताप्रमाणं झालं तर ते दार जातं. तरीही मी एकाच्या बाजूनंच आहे, कारण जो नगरसेवक ‘ज्याला मत दिलंत त्याच्याकडं मागा’ म्हणतो, त्याला पाच वर्षांनी पाडता आलं पाहिजे. चारच्या पॅनेलमध्ये तोच माणूस चिन्हाच्या आडोशानं पुन्हा येतो. पण पाच वर्षं पाण्याविना काढणाऱ्याला हे सांगणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

तोवर चार आहेतच, तर त्यांची वाटणी तरी उघड करा. आपसात वाटणी झाली आहे असं पहिले म्हणाले होते ना? काल क्षेत्रीय कार्यालयात जाऊन लेखी अर्ज दिला: कोणती गल्ली कोणत्या नगरसेवकाकडे, याची यादी द्यावी. अधिकारी मॅडम सभ्य होत्या. म्हणाल्या, अशी वाटणी आमच्या कागदावर नाही, चौघंही पूर्ण प्रभागाचे. म्हणजे काम टाळताना वाटणी आहे आणि जाब विचारला की नाही. आता चौघांनाही सह्यांचं पत्र देतोय की महिन्यातून एक दिवस चौघांनी मिळून गल्लीत यावं. नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, आमच्याकडे एकही भरलेली मला आठवत नाही.

जुनी चाळ

चौघं एकत्र आले तर सगळ्यांसमोर बोलायला आमची माणसं घाबरतील. सभेनंतर तासभर चौघं वेगवेगळे बसतील, एवढं पत्रात टाका. मग आमच्या १४० मतांच्या सह्या मी आणून देतो.

गल्लीकर

टाकतो. रविवारी सकाळी या, चेंबरपाशीच भेटू. @निवृत्त जेई, जमलं तर तुम्हीही या, लेव्हल बघायच्या आहेत.