दहा दिवस, पण कुणाच्या वेळेतले? (संशोधक, लॅब आणि ऑफिस स्टाफचं ट्रेनिंग, वेलनेस वगैरे)

अबोली_डिचोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला, सायन्स. डिचोलीहून पणजीपर्यंत एक बस नि पुढे दुसरी. यंदा २१ जूनला आमच्याकडे योगदिन झाला, सकाळी साडेसहाला हजर राहा म्हणून सर्क्युलर. गोव्यात २१ जून म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पाऊस असा की छत्री फक्त नावाला. हॉलमध्ये सतरंज्या घातलेल्या, खिडकीकडच्या दोन्ही ओल्या, मी नेमकी तिथेच. चाळीस मिनिटं आसनं, मग रजिस्टरवर सही, मग फोटो. योगावर माझा राग नाही, माझी आई घरी रोज करते नि तिचे गुडघे त्यामुळेच चालतात. मला लागलं ते हे की वर्षभरात आमच्या तब्येतीसाठी झालेला तो एकच कार्यक्रम आणि तोसुद्धा आमच्या झोपेतून काढलेला. लॅबच्या वेळेतला एक मिनिट गेला नाही.

माझी एक सिनियर आता इंग्लंडात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करते. तिथे विद्यापीठं नि निधी देणाऱ्या संस्थांचा एक करार आहे, कॉन्कॉर्डॅट म्हणतात, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की संशोधकाला वर्षाला किमान १० दिवस प्रोफेशनल डेव्हलपमेंटसाठी मिळायला हवेत, अर्धवेळ असेल तर त्या हिशोबाने. कामाच्या वेळेतले दहा दिवस. ती त्यातून स्टॅटिस्टिक्स शिकली, ग्रँट कशी लिहायची ते शिकली, नि दोन दिवस नुसते पुढे काय करायचं हे कुणाशीतरी बोलण्यात घालवले.

माझं म्हणणं, असे दहा दिवस आपल्याकडेही हवेत. पीएचडीवाल्यांना, लॅब टेक्निशियनना, ऑफिसातल्या क्लार्कना, सगळ्यांना. आणि ते कामाच्या वेळेत, रविवारी नव्हे. काय वाटतं?

मांडवीकाठ

बाय, तळमळ कळली. पण मी एका सरकारी कॉलेजच्या ऑफिसात २६ वर्षं काढलीत, आता सुपरिटेंडंट आहे, तेव्हा दुसरी बाजू ऐक.

दहा दिवस गुणिले माणसं असा हिशोब कर. माझ्या सेक्शनला मंजूर पदं सहा, भरलेली तीन, त्यातला एक कॉन्ट्रॅक्टवर. अॅडमिशनचे दोन महिने, परीक्षेचे दोन महिने, मार्चएंड, चतुर्थीच्या आठवड्यात तर अर्धं ऑफिस माटोळीच्या (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची) सामानामागे, राहिलं काय? एक माणूस दहा दिवस गेला की खिडकीवर मुलं उभी राहतात, त्यांना काय सांगू, साहेब वेलनेसला गेलेत?

आणि ट्रेनिंग होत नाही असंही नाही. जुन्या गोव्याला एल्यात जिपार्ड ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, कर्मचाऱ्यांना तिथे पाठवतात, मी स्वतः दोनदा गेलोय, शिकवतात चांगलं. परत आलो तेव्हा टेबलावर फायलींचा ढीग जसाच्या तसा, उलट वाढलेला, कारण माझं काम त्या दिवसांत कुणी केलंच नाही. पुढचे दोन शनिवार मी ऑफिसात. म्हणून म्हणतो, आधी पदं भरा, मग दिवस मागा. नाहीतर ते दहा दिवस दुसऱ्याच कुणाच्यातरी माथ्यावर पडतात.

दर्यावर्दी

मी निवृत्त प्राध्यापक, सागरविज्ञान. माझं मत कदाचित तुम्हा तरुणांना आवडणार नाही, पण मनापासून सांगतो.

संशोधन हे दहा दिवस इकडे नि बाकीचे तिकडे असं कापता येत नाही. मी पहिल्यांदा 'सागर कन्या' या संशोधन जहाजावर गेलो तेव्हा महिनाभर किनारा दिसला नाही. सॅम्पलिंग रात्री दोनला असलं तर रात्री दोनला उठायचं. पुस्तकात वाचलेलं सगळं पहिल्या तीन दिवसांत उलटीबरोबर गेलं, मग शिकलो ते डेकवर विंच (केबल सोडायचं-ओढायचं यंत्र) चालवणाऱ्या माणसाकडून. केबलला किती ताण आला की आवाज बदलतो, खवळलेल्या पाण्यात बॉटल कधी सोडायची नि कधी थांबायचं, हे त्याने मला हात धरून शिकवलं. कुठल्या वर्कशॉपात मिळालं असतं?

गाइड चांगला असेल तर तोच ट्रेनिंग, तोच काउन्सेलर. मी माझ्या विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवायचो, कोण खचलंय ते ताटावर बसल्या बसल्या कळतं. हे सगळं कागदावर आणलं की त्यातला जीव जातो. गाइड आणि विद्यार्थी यांच्यातला ओलावा वाढवा, दिवस मोजू नका.

सत्तरीकर

सर, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच विचारतो, त्या विंचवाल्याला कुणी कधी कोर्सला पाठवला का? त्याने तुम्हाला शिकवलं, तुम्ही पुढे प्राध्यापक झालात, नि तो?

मी लॅब टेक्निशियन, १४ वर्षं. लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात नायट्रोजनचा सिलिंडर आला, माझ्याएवढा उंच. रेग्युलेटर लाव म्हणाले. मी आयुष्यात घरच्या गॅसपलीकडे काही लावलेलं नव्हतं. लावला, नळ उघडला, नि असा फुस्स्स आवाज की मी पाना टाकून दारात. पुढे कळलं की वायसर खराब होतं, नि सिलिंडर साखळीने भिंतीला बांधायचा असतो हे तर मला वर्षभराने एका कंपनीच्या इंजिनियरने सांगितलं, तो दुसरंच मशीन दुरुस्त करायला आला होता. वर्षभर तो सिलिंडर तसाच उभा, कोपऱ्यात, मुलं बाजूने जातायत येतायत. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

विलायतेत २०१७ पासून टेक्निशियन कमिटमेंट म्हणून चालू आहे, विद्यापीठं नि संशोधन संस्था सही करून कबूल करतात की टेक्निशियनचं नाव दिसेल, कामाची कदर होईल, पुढे जायला वाट असेल. आमच्याकडे पेपरात आभारसुद्धा क्वचित. मला दहा दिवस नकोत, तीन द्या. पण सिलिंडर यायच्या आधी द्या.

वेलिंगची_सून

मी असिस्टंट प्रोफेसर, आणि मी या धाग्याच्या विरोधात आहे, पण मांडवीकाठ भाऊंच्या कारणाने नाही.

आम्हाला हे सगळं आधीच लागू आहे हो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या रेग्युलेशनप्रमाणे पहिल्या प्रमोशनलाच २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स, वर रिफ्रेशर कोर्स नाहीतर मूक्स, म्हणजे ऑनलाइन कोर्स. हे कोर्स घेणारं आधी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेज होतं, मग एचआरडीसी झालं, २०२३ पासून मालवीय मिशन. नाव बदलतं, गरज तीच, सर्टिफिकेट. माझा रिफ्रेशर ऑनलाइन झाला, तेव्हा मुलगी तीन वर्षांची. दिवसा कॉलेजची लेक्चर्स सुटली नाहीत, 'ऑनलाइन आहे ना, मग जमेल की' असं मला सांगितलं गेलं, म्हणून एका कानात इयरफोन नि समोर फर्स्ट इयरची मुलं, असं मी दोन दिवस खरंच केलंय. संध्याकाळी असाइनमेंट, रात्री पेज ढवळताना एमसीक्यू. काय शिकले ते आज विचाराल तर एकच सेशन आठवतं, आवाज कसा सांभाळायचा यावरचं, कारण ते बोलणाऱ्या बाई स्वतः ३० वर्षं शिकवून घसा घालवून बसल्या होत्या.

सक्तीचं केलं की ते असं होतं. दहा दिवस कायद्याने आले की हजेरीपत्रक येणार, ते आलं की फोटो येणार, अबोली तुझ्या योगदिनाचे दहा दिवस होतील. मला कुणी काही शिकवू नका, मला वर्षातले दहा दिवस लवकर घरी सोडा, मी माझी तब्येत बघते.

कोकम_सरबत

मी काउन्सेलर आहे, वेगवेगळ्या कॉलेजांत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जाते. माझा मुद्दा थोडा वेगळा.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या खटल्यात गाइडलाइन्स दिल्यात. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा. आणि हे फारसं कुणी वाचलेलं नाही, टीचिंग नि नॉन-टीचिंग दोन्ही स्टाफला वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग, खचलेला माणूस कसा ओळखायचा, त्याच्याशी काय बोलायचं, कुणाकडे पाठवायचं. म्हणजे शिपाई, लायब्ररीतला माणूस, हॉस्टेलची वॉर्डन, सगळे आले त्यात. पोर रात्रभर झोपत नाही हे गाइडच्या आधी वॉचमनला माहीत असतं, तेव्हा हे बरोबरच आहे.

पण दर्यावर्दी सर, गाइडच काउन्सेलर हे मला पटत नाही. तुमच्या घरचं जेवण लाखमोलाचं, मी नाकारत नाही. पण ज्याच्या सहीवर माझी थिसिस अडली आहे त्याच्यासमोर मी 'सर, मला जगावंसं वाटत नाही' कसं म्हणू? आणि तो त्रास गाइडचाच असला तर?

आणि आपलं गोवं एवढंसं. माझी खोली एका ठिकाणी ऑफिसच्या समोर आहे, बाहेर दोन खुर्च्या. तिथे बसलेलं पोर कुणाचंतरी भाचं असतंच, दुपारी दिसलं की संध्याकाळी मडगावात कळतं. मुलं येतात, दारावरची पाटी वाचतात नि पाणी प्यायला आल्यासारखं करून कूलरकडे वळतात. मी दोनदा सांगून खोली मागच्या जिन्याकडे मागितलीय. वेलनेससाठी पहिली मागणी ती खोली हलवा ही आहे, दहा दिवस त्याच्या नंतर. तोवर ज्याला लागेल त्याने १४४१६ वर फोन करावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीतून बोलता येतं.

दर्यावर्दी

सत्तरीकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्याचं नाव मला आठवतं, गाव आठवतं, पण माझ्या एकाही पेपरात ते नाही. हे मला आधी कुणी विचारायला हवं होतं. मी स्वतः विचारायला हवं होतं.

ताई, तुमचाही मुद्दा मानतो, गाइडबद्दलचा. दिवस मोजण्याला माझा विरोध मात्र कायम आहे.

अबोली_डिचोली

वेलिंगच्या वहिनी, 'लवकर घरी सोडा' यावर मी दहा वेळा मान हलवली. पण तुमचा रिफ्रेशर वाया गेला तो सक्तीमुळे की तुमची लेक्चर्स कुणी घेतली नाहीत म्हणून? मला वाटतं दुसऱ्यामुळे. मांडवीकाठ भाऊंचंही तेच, एल्याला ट्रेनिंग चांगलं झालं, पण टेबल कुणी सांभाळलं नाही. दोघांचं कोर्सशी भांडणच नाही, वेळ दिला नाही याच्याशी आहे. मी पण तेच म्हणतेय ना!

आणि ऑफिस स्टाफला मी यात का धरलं ते सांगते. गेल्या वर्षी माझी फेलोशिप पाच महिने अडली. जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहेत, कागदावर छान वाटतं, पण पाच महिने शून्य म्हणजे बाबांकडून बसचे पैसे. मी चिडून रोज ऑफिसात. तिथल्या बाई माझ्याशी नीट बोलायच्या नाहीत, मला वाटायचं मुद्दाम करतात. एक दिवस जेवायच्या सुट्टीत गेले तर त्या एकट्याच, मोबाइल की-बोर्डला टेकवून यूट्यूबवर पीएफएमएसचा, म्हणजे सरकारी पैसे देण्याघेण्याच्या पोर्टलचा, व्हिडिओ बघतायत, हिंदीतला, थांबवून थांबवून वहीत लिहितायत. डबा उघडलेलाच नाही. प्रोजेक्टचे पैसे आता त्या पोर्टलवरून, एकाने भरायचं नि दुसऱ्याने मंजूर करायचं, आधीचा माणूस रिटायर झाला नि पासवर्डच्या चिठ्ठीपलीकडे बाईंना कुणी काही दिलं नव्हतं. युटिलायझेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्या दाखल्याचा, फॉर्म दोनदा परत आलेला. त्या मला म्हणाल्या, 'बाय, तुजे पयशे म्हज्यान अडल्यात हें म्हाका दिसता, रातची न्हीद येना.'

त्या दिवशी मी बाहेर येऊन जिन्यावर बसून रडले. त्यांना दोन दिवस कुणी नीट शिकवलं असतं तर माझे पाच महिने वाचले असते, त्यांची झोपही. माझ्यासाठी ते कुठल्याही योगदिनापेक्षा मोठं वेलनेस होतं.

वेलिंगची_सून

हे वाचून गप्प झाले. सक्तीला माझा विरोध आहेच, पण बदली माणूस दिल्याशिवाय कुणाला कोर्सला पाठवू नये, असा नियम मागणार असाल तर माझी सही धरा.

मांडवीकाठ

बदली माणूस आणणार कुठून, हा माझा प्रश्न तसाच आहे, कुणी उत्तर दिलेलं नाही. तीन माणसांत चौथा येत नाही.

पण त्या बाईंचं वाचून राहवलं नाही. पीएफएमएस मी पण असाच रडतखडत शिकलोय, आता हातात बसलंय. अबोली, त्यांना माझा नंबर दे, मेसेज करतो तुला. शनिवारी येतो तुमच्या ऑफिसात, दोन तासांत भरून दाखवतो.

अबोली_डिचोली

भाऊ, देव बरें करूं! लगेच जाऊन विचारलं त्यांना. खूश झाल्या, मग म्हणाल्या शनिवार नको, सासू अंथरुणाला आहे, शनिवारी घरी दुसरं कुणी नसतं. मंगळवारी दुपारी तीनला जमेल, ऑफिसच्या वेळेत, साहेबांनी सोडलं तर.

मांडवीकाठ

मंगळवारी मला अर्धी रजा टाकावी लागेल. टाकतो. तुमच्या साहेबांना लेखी अर्ज द्या, तोंडी नको.

सत्तरीकर

मी पण येतो मंगळवारी. खिडकीवर बसेन दोन तास, पावत्या फाडता येतात मला.

अबोली_डिचोली

अर्ज टाइप करून दिलाय, बाईंनी सही केली, आत पाठवलाय. साहेबांची सही आली की इथे कळवते.